स्वराच्या कपाळावरचं मीठ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. देवासमोरसुद्धा नाही — त्याला ठाऊक असेलच असं धरून मी तिथंही नुसतीच हात जोडून उभी राहत आले. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं जमेल असं वाटतंय. जमेल का? बघू या.

मी धरणगावची. शाळा लवकर सुटली. पुढचं वाचायला शिकले ते मुलगा शाळेत जायला लागला तेव्हा — तो धडे मोठ्यानं म्हणायचा, मी भाकरी थापता थापता ऐकायचे आणि नंतर त्याच्या पुस्तकात ती ओळ शोधायचे. म्हणून माझं लिहिणं बोलण्यासारखंच निघतं. मधे कुठं थांबले तर समजून घ्या. पळून जात नाहीये. म्हणजे — इतकी वर्षं पळालेच आहे. आज नाही.

सुरुवात कुठून करू? केंद्रापासून करते. ते सोपं आहे.

माझी नात स्वरा. तिला जो आजार आहे त्याचं नाव सिस्टिक फायब्रोसिस. हे नाव न अडखळता म्हणायला मला बराच काळ लागला, आता देवाच्या नावासारखं तोंडात बसलंय. यात अंगातले पातळ रस घट्ट होतात. छातीतला कफ डिंकासारखा चिकटतो. खाल्लेलं पचत नाही, लेकरू खाऊन खाऊन वाळतं. आणि घामातून मीठ फार जातं. आजार जन्माचाच असतो. आईकडून एक खूण आणि बापाकडून एक, अशा दोन्ही आल्या तरच होतो. एकच आली तर माणूस धडधाकट राहतो, जन्मभर पत्ता लागत नाही. हे सगळं मला तिथल्या डॉक्टरबाईंनी समजावलं.

तिथं म्हणजे विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात. लांबच्या मोठ्या शहरात आहे, शहराचं नाव घेत नाही. याच एका आजाराचा अभ्यास करायला माणसं बसवलीत, असं प्रशांत — माझा मुलगा — म्हणाला तेव्हा मला खरंच वाटलं नव्हतं. वर प्रयोगशाळा, खाली तपासायच्या खोल्या, आणि बाहेर लांबच लांब ओसरीत बाकं. बाकाबाकावर आया, मांडीवर पालथी लेकरं, आणि सगळ्या जणी त्यांच्या पाठी थोपटताहेत — कफ सुटावा म्हणून तसं थोपटावं लागतं. फाटकातून आत येताना तो आवाज ऐकला की वाटायचं, कुणीतरी गोधड्या झटकतंय.

एक गोष्ट मात्र मला तिथं फार लागली. या मुलांना एकमेकांजवळ बसू देत नाहीत. एकाच्या छातीतले जंतू दुसऱ्याला लागले तर फार वाईट. म्हणून एका बाकावर एकच लेकरू, एकच घर. मधे मोकळी जागा. इकडची बाई तिकडच्या बाईशी बोलायची तर आवाज चढवून. मला तर बोलल्याशिवाय राहवत नाही, तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. पण तिथं मी आपली बाकाच्या टोकाला बसून राहायचे. आणि खरं सांगू? ती मोकळी जागा मला बरी वाटायची. कुणी फार जवळ येऊन विचारणार नव्हतं.

पहिल्या दिवशी त्यांनी स्वराच्या घामाची तपासणी केली. हातावर दोन छोट्या पट्ट्या बांधतात, औषध आत सोडतात, तेवढ्या जागी घाम येतो. तो गोळा करून त्यातलं मीठ मोजतात. तो तरुण पोरगा यंत्र जोडत होता, आणि मी त्याला म्हणाले, “अरे बापा, घाम काढायला यंत्र? मे महिन्यात आमच्या धरणगावला ये. बादलीभर देते तुला, फुकट.”

तो हसला. “आजी, मग यंत्र घेऊन तिकडेच येतो.”

“ये. पण तू बी वितळशील, तुलाच बादलीत भरून परत पाठवावा लागेल.”

सगळे हसले. स्वराची आई रूपालीसुद्धा हसली — कित्येक दिवसांनी. मी हसवत होते. का हसवत होते माहीत आहे? त्या घामात काय निघणार हे मला आधीच ठाऊक होतं.

हो. ठाऊक होतं. त्या यंत्राच्या आधी. जळगावच्या डॉक्टरांच्या आधी.

थांबा. उलटं सांगतेय मी. आता मंगलचं सांगायला हवं.

मंगल माझं पहिलं मूल. प्रशांतच्या आधीची. गोरी, मोठ्या डोळ्यांची, आणि भुकेली — सदा भुकेली. अंगावर पिऊन बाजूला झाली की लगेच पुन्हा रडायची, आणि तरी हातापायाच्या काड्या. खोकायची. माझी सासू म्हणजे माझी सख्खी आत्या. आमच्यात भावाची मुलगी सून म्हणून आणायची रीत आहे. बाहेरची आणली तर घर तोडेल, आपल्या रक्ताची आणली तर सांभाळेल, असा हिशेब. तशीच मला आत्यानं आणली होती. तर या आत्यानं मंगलचा मुका घेतला, ओठांवरून जीभ फिरवली, आणि माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, “पोर खारी लागस व माय.”

मी पण चाटून पाहिलं. खरंच. कपाळ मिठात बुडवून काढल्यासारखं. उन्हात ठेवली की केसांच्या कडेला पांढरी रेघ उमटायची.

आत्या पुढं म्हणाली, “मनी बी एक अशीच व्हती. कोणले सांगू नको.” तिचंही एक असंच होतं, आणि तिनंही कुणाला सांगितलं नव्हतं. बस, एवढंच. पुन्हा त्यावर ती कधी बोलली नाही, मीही विचारलं नाही.

मंगल पहिल्याच उन्हाळ्यात गेली. भर वैशाख, दुपारची वेळ. सकाळपर्यंत रडत होती. मग रडेना. डोळे आत गेले, मान टाकली, हात उचलावा तर ओल्या फडक्यासारखा खाली. माझ्या मांडीवर वाळून गेली. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. त्याचं दिवस-पाणी नाही, त्याच्या नावानं कुणी जेवायला बसत नाही. मोठ्यानं रडायचीही पद्धत नाही — पुढची कूस उजवायची असते ना. आणि त्याला मुलांत धरत नाहीत. मला कुणी विचारलं, तुम्हाला मुलं किती, तर मी जन्मभर सांगत आले — एक, प्रशांत. तोंडाला सवय झाली. एका लेकराला न मोजायची सवय होते माणसाला, खरं सांगते.

पुढं सगळं रीतसर झालं. प्रशांत मोठा झाला, जळगावला पाइपच्या कंपनीत लागला. आत्या गेली, मग त्याचे वडीलही गेले. घरात मी आणि माझाच आवाज. संध्याकाळी प्रशांतच्या गाडीचा आवाज येईपर्यंत मी भिंतींशी बोलायचे — गंमत नाही करत, मोठ्यानं बोलायचे. आणि माझ्या मनात बसलं, सून आणायची तर नानाची रूपाली. नाना माझा धाकटा भाऊ, पिंपळनेरला असतो. रूपाली लहानपणापासून माझ्या अंगाखांद्यावरची. सुट्टीत यायची तर माझ्याच अंथरुणात झोपायची. परकी पोर आली, तिनं मला कोपऱ्यात टाकलं तर? रूपाली टाकणार नाही. असा माझा हिशेब — आत्याचाच.

नाना लगेच हो म्हणाला. पण भावजय, शोभा, ती थोडी थबकली. ती अंगणवाडी सेविका. लेकरांची वजनं करणं, बाळंतिणींच्या घरी जाणं हे तिचं रोजचं काम. तिनं कुठल्याशा प्रशिक्षणात ऐकलं होतं की जवळच्या नात्यात लग्न झालं तर कधी कधी मुलांना आजार येतात. आम्ही दोघी तिच्या ओट्यावर मेथी निवडत बसलो होतो. ती म्हणाली, “अक्का, राग मानू नका. मंगलला नेमकं काय झालं होतं?”

मेथीची एक काडी माझ्या हातात होती. मी ती खुडली आणि म्हणाले, “गोवर. अंगभर निघाला आणि आत बसला.”

शोभानं मोठा श्वास सोडला. “मी बी उगाच शंका काढते,” म्हणाली. “तुमच्याकडं पोर द्यायला मला कशाची भीती?”

तेव्हा मला या आजाराचं नाव माहीत नव्हतं. नात्यातल्या लग्नानं हे येतं हेही नीट माहीत नव्हतं. पण गोवर नव्हता, एवढं पक्कं माहीत होतं. मी सरळ सरळ खोटं बोलले. एकटी राहायची भीती वाटत होती म्हणून बोलले.

तुम्हाला वाटेल, कबूल करायचं होतं ते हेच. नाही. अजून नाही आलं ते.

स्वरा पिंपळनेरला जन्मली, थंडीत. बारशाला गेले. नाव ठेवून झालं, पेढे वाटले, आणि मी तिला उचलून कपाळाचा मुका घेतला.

जिभेला कळलं. इतक्या वर्षांनी, एका क्षणात. पाळण्याभोवती बाया गात होत्या आणि मी तिला छातीशी धरून तिथंच खाली बसले. कुणीतरी म्हणालं, आजीला गहिवरून आलं. मी डोळ्याला पदर लावला — आणि त्याच पदरानं स्वराचं कपाळ पुसलं.

ती पहिली वेळ.

होळीच्या आसपास रूपाली लेक घेऊन धरणगावला आली. स्वराला तेल लावणं, न्हाऊ घालणं माझ्याकडे. आजीचंच काम ते, कुणाला काय वाटणार? पण मी न्हाऊ घालून थांबत नव्हते. ओला रुमाल कायम कमरेला खोचलेला. कपाळ, मानेच्या वळ्या, कानामागं. रूपाली पाजायला घेणार म्हटलं की आधी मी पुसून देणार. प्रशांत कंपनीतून येऊन हात धुऊन तिला उचलणार म्हटलं की आधी मी पुसून देणार. “आई किती स्वच्छता ठेवते,” तो म्हणायचा. शेजारणी कौतुक करायच्या. मी लेकराच्या अंगावरून पुरावा पुसत होते, आणि लोक मला शाबासकी देत होते.

कशासाठी? मला वाटत होतं, कुणी बोललंच नाही तर ते नसेल. मला वाटत होतं, रूपालीला कळलं तर ती शोभाला सांगेल, शोभा म्हणेल गोवर कुठला, आणि लेक-नात घेऊन जाईल. हे मी समजावून सांगतेय खरी, पण यातलं काहीही त्या लेकराच्या जीवाएवढं नव्हतं. ते मला तेव्हाही कळत होतं.

स्वरा वाढेना. खोकला हटेना. आणि उन्हाळ्याचं काम निघालं — बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं. ज्वारीचा घाटा शिजवून धाब्यावर, घराच्या सपाट छतावर, थापायचा आणि वाळवायचा, आमच्याकडं घरोघर असतो हा कार्यक्रम. रूपाली पातेल्यातून घाटा चाखून मीठ बघत होती. स्वरा रडली म्हणून धावत आली, तिला उचलून गालाचा मुका घेतला आणि थांबली.

“आत्या,” म्हणाली, “स्वराची पापी खारट लागते. तुम्हाला लागते का हो? मला कधीची लागते.”

हा तो क्षण. देवानं दारात आणून ठेवलेला. मी फक्त हो म्हणायचं होतं.

मी हसले. खळखळून हसले. “अगं वेडाबाई, आत्ता घाटा चाखून आलीस! तुझ्याच जिभेवर मीठ आहे आणि पोरीला नावं ठेवतेस?” बिबड्या थापायला आलेल्या बायाही हसल्या. एक म्हणाली, “पयलं लेकरू शे, मायले बठ्ठंच वेगळं लागस.” पहिलटकरणीला सगळंच वेगळं लागतं म्हणे. रूपाली लाजली. जिभेवरून पदर फिरवला आणि पुन्हा कामाला लागली.

त्यानंतर ती कधी म्हणाली नाही. पण मुका घेऊन ती क्षणभर थांबायची, आणि मग मान हलवायची — स्वतःच्या जिभेला गप्प करावं तशी. हे मी पाहायचे. रोज पाहायचे.

जळगावच्या डॉक्टरांना दाखवलं तेव्हा निघण्याआधी मी स्वराला डोक्यापासून पायापर्यंत पुसून काढलं. नवं झबलं घातलं. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाचं मूल लहानपणी गेलंय का? रूपाली बोलायला गेली, त्याआधी मी म्हणाले, “छे हो, तसलं काही नाही.” त्यांनी खोकल्याचं औषध दिलं आणि वरचं दूध सुरू करायला सांगितलं. त्यांचा काय दोष? त्यांच्यासमोर एक पुसलेलं लेकरू होतं आणि एक बोलकी म्हातारी.

मग वैशाख आला. दुपार. तीच खोली. स्वरा सकाळी रडत होती, मग रडेना. मी तिच्याजवळ बसले होते आणि मला पुढचं सगळं पाठ होतं. रूपालीनं तिला उचललं, मान मागं पडली, आणि तिनं जी किंकाळी फोडली ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली असेल. शेजारच्या रिक्षावाल्यानं गाडी काढली. धरणगाव ते जळगाव रस्ताभर रूपाली पोरीचं नाव घेत होती, बाहेरून भट्टीसारखा वारा लागत होता. आणि मी? त्या रिक्षात स्वराच्या कपाळावर, केसांच्या कडेला ती पांढरी रेघ उमटलेली मला दिसली आणि माझा हात आपोआप कमरेच्या रुमालाकडे गेला.

पुसली मी. तेव्हाही पुसली.

लिहिलं हे. लिहिताना वाटलं होतं हात अडेल, पण लिहिलं गेलं.

स्वरा वाचली. दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होती, तिनं रक्त तपासलं. मीठ इतकं खाली गेलेलं बघून तिला शंका आली, आणि तिनंच केंद्राची चिठ्ठी दिली. तिथं घाम तपासला, मी विनोद केले, ते सांगितलंच.

निकाल आल्यावर डॉक्टरबाई रूपालीजवळ बसल्या. सावकाश बोलणारी बाई, माणसाच्या तोंडाकडं बघून बोलायच्या. म्हणाल्या, “बऱ्याच आयांना मुका घेताना खारट लागतं. तुम्हाला कधी जाणवलं?”

रूपाली म्हणाली, “जाणवलं होतं मॅडम. पण बिबड्यांचे दिवस होते, मला वाटलं माझ्याच तोंडाला मीठ आहे.”

ऐकलंत? माझं नाव नाही घेतलं. आत्या असं म्हणाल्या होत्या, असंसुद्धा नाही. मला वाचवलं असं नाही — तिला खरंच तसं वाटत होतं. माझं हसणं तिच्या डोक्यात जाऊन तिचंच मत झालं होतं.

बाईंनी फुफ्फुसाचा फोटो दाखवला. एका बाजूला खाली थोडं कायमचं खराब झालंय म्हणाल्या. लवकर उपचार मिळाले असते तर कदाचित झालं नसतं. रूपालीनं विचारलं, “लवकर म्हणजे कधी? होळीला?” बाई म्हणाल्या, आता पुढचं बघू या.

मग त्यांनी घराण्याची चौकशी केली. कोण कुणाचं, कुणाचं लग्न कुणाशी. रूपालीनं सांगितलं, आत्यांची एक मुलगी गेली होती, गोवरानं. मॅडम माझ्याकडं वळल्या. ताप होता? पुरळ होतं? खोकत होती? आणि मी, बाई माझ्या, मी त्यांना एक गोवर सांगितला. आमच्या गल्लीत एक मुलगा गेला होता गोवरानं, त्याचं सगळं मी पाहिलं होतं. लाल डोळे, कानामागून निघालेले दाणे, तापात बडबडणं. ते सगळं मी मंगलला दिलं. माझ्या पोरीला एक आयुष्य मिळालं नाहीच, तिचं मरणसुद्धा मी तिचं राहू दिलं नाही. दुसऱ्याचं आणून घातलं.

नंतर आम्हा सगळ्यांचं रक्त तपासलं. प्रशांतमध्ये ती खूण निघाली, रूपालीत निघाली, माझ्यात निघाली. एकदा डॉक्टरबाई मला ओसरीत एकटी पाहून जवळ आल्या आणि म्हणाल्या, “आजी, मंगलला गोवर नसेलही कदाचित.” रागावून नाही, अगदी मायेनं. मी म्हणाले, “असेल बाई. आम्हा अडाण्यांना काय कळतं?” मी — रोजचं वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारी — अडाणी झाले त्यांच्यासमोर. त्या आत निघून गेल्या.

प्रशांतनं त्या शहरात नोकरी बघितली. केंद्र जवळ हवं म्हणून बिऱ्हाड तिकडं नेलं. मला चल म्हणाले. मी म्हणाले, इथलं घर कोण बघणार? दर काही महिन्यांनी जाते. अशीच गेले असताना केंद्रात आईबापांची बैठक होती. लेकरांना आणायचं नव्हतं. खुर्च्या मांडल्या होत्या. नव्यानं निदान झालेल्या मुलांच्या आया घाबरून बसल्या होत्या, आणि डॉक्टरबाईंनी रूपालीला बोलायला उभं केलं होतं. मी शेवटच्या रांगेत.

माझी रूपाली, जी चारचौघात तोंड उघडत नव्हती, ती छान बोलली. खाल्लेलं पचावं म्हणून देतात ती पावडर कशी द्यायची, वाफ कशी, उन्हाळ्यात मीठ किती जपून. आणि मग म्हणाली, “मला पहिल्यापासून कळत होतं. माझी जीभ मला सांगत होती. मी तिचं ऐकलं नाही. माझ्या पोरीच्या छातीत जे बिघडलंय ते माझ्यामुळं. तुम्ही अशा वागू नका.”

एक बाई रडायला लागली. रूपाली खाली येऊन तिच्या शेजारी बसली, तिचा हात धरून. मग मागं वळून तिनं मला शोधलं, आणि माझ्याकडं बघून थोडंसं हसली. आत्या, नीट बोलले ना, असं.

मी मान हलवली. छान, असं.

त्या खोलीत उठून उभं राहायला किती वेळ लागला असता? माझे गुडघे दुखतात, पण तेवढं उभं राहता येतं मला.

आता स्वरा शाळेत जाते. खोकते, पण जाते. फोनवर मला कविता म्हणून दाखवते, मधे दम लागतो, थांबते, पुन्हा तिथूनच म्हणते. मी धरणगावला एकटी. टीव्ही चालू ठेवते म्हणजे घरात कुणी बोलतंय असं वाटतं. रूपालीचा रोज फोन येतो, आत्या जेवलात का, आत्या या ना इकडं राहायला. मला कुणी कोपऱ्यात टाकू नये म्हणून मी सगळं केलं, आणि मला कुणी टाकलेलं नाही. मीच जात नाही. तिच्या घरात तिचं जेवत, तिच्या तोंडाकडं बघत राहणं मला झेपत नाही.

तिला दुसरं मूल हवं होतं. लहानपणी बाहुल्यांची जोडी मांडायची ती, एकटी बाहुली तिला चालायची नाही. केंद्रातल्या बाईंनी तिला समजावलं, आता गर्भात लवकर तपासता येतं, आम्ही आहोत. प्रशांतची तयारी आहे. मागच्या आठवड्यात फोनवर मी विषय काढला, तर म्हणाली, “नको आत्या. माझा माझ्यावर भरवसा नाही. एकदा समोर दिसत असून मी चुकले. दुसऱ्या लेकराशी तसं नको व्हायला.”

मी ऐकून घेतलं. “तुझी मर्जी, बाई,” म्हणाले. आणि मग तिनं विचारलं, जेवलात का, आणि मी सांगितलं, जेवले.

तर असं आहे. आजार आला तो कुणी आणला नाही, एवढं मला त्या केंद्रानं शिकवलं. पण जो उशीर झाला तो रूपालीचा नाही. तिच्या जिभेनं खरं सांगितलं होतं. ती चुकली नव्हती. मी तिला चुकीची ठरवली, भर बायकांत, हसून. आणि ती अजून तसंच समजते.